वाढ्यातून दुधात

निवृत्तीला काही वर्षं झाली, पण इंदापूर तालुक्यातली ती केस आठवली की अजून डोकं तापतं.

एका पोलाद कारखान्याच्या फाटकावर भंगाराचा ट्रक आला आणि किरणोत्सर्ग ओळखणारा भोंगा वाजला. ठाण्यात फोन आला. भंगारवाला निरवांगीकडचा निघाला. विज्ञानात मी कायम काठावर पास. त्यामुळे शास्त्रज्ञांचं पथक पुढे घातलं आणि वरिष्ठ या नात्यानं सर्वांत मागे राहिलो.

भंगारवाला लगेच बोलला. "एका कंपनीचा जड डबा व्हता, साहेब. ट्रॉलीतच घणानं फोडला. आत भुकटी निघाली. मला काय म्हाईत?"

"नंतर ट्रॉली धुतलीस?"

"ट्रॉली कोण धुतंय? दुसऱ्या दिशी वाढं भरून इकलं."

वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला. ते घेणाऱ्या आक्कांच्या गोठ्यात पथकाचं किरणोत्सर्ग मोजणारं मीटर कडाडलं ते गाईजवळ. बांधावर चरणाऱ्या शेळ्या साफ होत्या. पथकातल्या बाई म्हणाल्या, "भुकटीत किरणोत्सर्गी सीझियम आहे. शरीर त्याला पोटॅशियम समजतं. चाऱ्यातून गेलं की मांसात मुरतं, दुधात उतरतं."

आक्कांनी हातातली चरवी खाली ठेवली. "बाळंतीण लेक ह्येच दूध पिती, साहेब. लेकरू तिच्या अंगावर हाय."

कंपनीचा सुरक्षा अधिकारी कडक इस्त्रीत ठाण्यात आला. "डबा रिकामा होता. साधं लोखंड." भुकटीचं, गाईचं त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. मी त्याच्यापुढे पेला ठेवला.

"घ्या. तुमचा डबा वाहिलेल्या ट्रॉलीतलं वाढं खाल्लेल्या गाईचं दूध आहे."

त्याची खुर्ची मागे सरकली. "वेड लागलंय का? दुधात उतरतं ते!"

"रिकाम्या डब्यातलं?"

हवालदारानं पेला उचलून चहात ओतला. दूध नाक्यावरच्या डेअरीचं होतं. मग कंपनीच्या साहेबांनी कबूल केलं. डबा नियमानं परत पाठवण्याची कटकट नको म्हणून त्यांनी तो भंगारात काढला होता.

मायलेकरांच्या तपासणीत धोका आढळला नाही. गाईला स्वच्छ चारा सुरू झाला. आक्का रोज धार काढून पथकाच्या पिंपात ओतायच्या. हळूहळू शेणामुतातून सीझियम बाहेर पडलं, मीटर शांत झालं.

न कळून गुन्हा करणारे मी खूप पाहिले. त्यांना दमात घेऊन समजावता येतं. पण डब्यातलं दुधापर्यंत कसं पोचतं हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसानंच तो फाटकाबाहेर जाऊ दिला. शिकलेला माणूस जपून वागेल, हा माझा समज त्या दिवशी मोडला.

शेवटच्या तपासणीनंतर मी मोठ्या थाटात आक्कांच्या लेकीला म्हणालो, "आता प्या बिनधास्त. मीटर म्हणतंय चांगलं हाय."

तिनं लेकराला खांद्यावर घेतलं. "मीटर तुमचं, साहेब. लेकरू माजं हाय."