कमळाबाईंच्या चारशे बारा फाइली

"एकदा तरी फाइल उघडून बघायची ना, बाबा."

"तूच म्हणालीस, उघडायची गरज नाही. कॉपी करा, एफ-नाइन दाबा आणि विसरा." दिनकरराव पडद्याकडे बघत म्हणाले, "विसरलो."

"चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे."

निजामपुऱ्यातल्या त्या खोलीत पडदाभर नुसती प्रश्नचिन्हं होती.

दिनकररावांच्या घराण्यातली तलवार पणजोबांबरोबर गेली. यांच्या वाट्याला टाइपरायटर आला. कारकुनीतून निवृत्त झाले, बायको कमळाबाई गेल्या, आणि २००६ पासून ते विसरायला लागले. आधी चाव्या, मग शेजाऱ्याचं नाव. धास्ती एकाच गोष्टीची होती, कमळाबाईंचं बोलणं विसरण्याची. अर्धं मराठी, अर्धं गुजराती. जेवायला बोलवायच्या तेही "चला, जमायला बसा" म्हणून. ते उरलं पाहिजे म्हणून दिनकरराव रोज त्यांचं एक वाक्य आठवून लिहायचे.

इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं, अशी एक वेबसाइट होती. तिथे लिहिलेलं कॉपी करून जपायचं कसं, हे त्यांना जमेना. मुलगी राजेश्वरी सयाजीगंजात कॉम्प्युटर शिकवायची. तिने स्क्रिप्ट लिहून दिली: एक कळ दाबली की कॉपी केलेला मजकूर नव्या फाइलीत, नावाच्या जागी तारीख-वेळ. स्क्रिप्ट तपासताना तिने स्वतःचं नाव लिहिलं, इंग्रजीत. बरोबर उतरलं. मराठी लिहून बघावं हे सुचलंच नाही. फाइल फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे ओळखत होती. मराठीच्या प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्ह उरलं.

"यात आकडा वाचलाय. सात-चाळीस," राजेश्वरी म्हणाली. "आईची बस?"

"हो."

"'सात-चाळीसची बस चुकली तर भाजी तुम्ही चिरा.' असं?"

"हो, हो. असंच." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "लिही ते."

तिने लिहिलं, पुढची फाइल उघडली. "'मीठ बरोबर आहे, तुमची जीभ जाडी आहे.'"

"अगदी. तिचाच ठसका."

राजेश्वरीचे हात की-बोर्डवर थांबले. बऱ्याच वेळाने तिने तिसरी फाइल उघडली.

"'मला या घरात कधी करमलंच नाही.' असं म्हणायची?"

"हो," दिनकरराव हसले. "नेहमी म्हणायची."

"ती असं कधीच म्हणाली नाही, बाबा. हे मी आत्ता रचलं."

"आणि आधीची दोन?"

"तीपण."

पंख्याखाली कागद फडफडला. त्यांनी तो उगीच चष्म्याच्या डबीखाली सरकवला.

"एक तरी आठवतंय का? अर्धं चालेल. आई जेवायला कसं बोलवायची, तेवढं सांगा."

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठले. दाराशी चपला पायात सरकवल्या, डावी उजव्या पायात, आणि जिना उतरून गेले.