मधला उजेड वजा केल्यावर

शोकसभेचा फलक बघितला आणि माझं डोकंच फिरलं. सुमी, माझी धाकटी बहीण, जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या सभागृहात तिच्या खगोलसंस्थेने तिच्या फोटोमागे एका झगझगीत लंबवर्तुळाकार दीर्घिकेचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाचं चित्र लावलं होतं... मधोमध नुसता उजेडाचा गोळा. लोक म्हणत होते, किती सुंदर. सुंदर कसलं डोंबल! ज्या तारकागुच्छांपायी सुमीने उभा जन्म घालवला, त्यातला एकही त्या चित्रात दिसत नव्हता.

तिचं काम तिने मला आमच्या वेस्ट मांबलमच्या स्वयंपाकघरात, कॉफीचं डिकॉक्शन उतरेपर्यंत समजावलं होतं. मोठ्या दीर्घिकेत सगळे तारे मिसळून जातात, कोण कुठून आलं ते कळेनासं होतं. पण भोवतीचे जुने तारकागुच्छ टिकून राहतात. काही तिथलेच, काही त्या मोठीने गिळलेल्या लहान दीर्घिकांमधले, आणि रंगावरून ते बरेचसे ओळखू येतात. "अक्का, आधी मधला उजेड वजा करायचा," ती म्हणाली, "मग बारके दिसायला लागतात." त्यामुळे सुमीच्या चित्रात मधे काळं भगदाड असायचं आणि भोवती ठिपकेच ठिपके. फलक करणाऱ्याला ते चित्र बिघडलेलं वाटलं म्हणे, म्हणून त्याने चांगलं शोधून लावलं. त्याच्यावर माझा राग नाही, त्या बिचाऱ्याला काय माहीत.

राग आहे तो तिच्या साहेबांवर. ही दीर्घिका लहानग्यांना गिळून वाढली, असं सुमी सांगायची तेव्हा त्यांनी तिला सगळ्यांदेखत हसण्यावारी नेलं. पुढे तेच परदेशात जाऊन स्वतःच्या नावावर मांडलं, आणि सुमी कुठे, तर शेवटी आभारात. मी म्हटलं, भांड त्यांच्याशी. तर ही पुन्हा ठिपके निवडायला बसली... आजारपणातही तेच. तिच्या या सोशिकपणाचा मला आजही संताप येतो.

सभेत साहेब बोलायला उठले आणि "माझी दीर्घिका, माझा शोध" सुरू झालं. मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

"साहेब, या चित्रात माझ्या बहिणीचं काम कुठे आहे, बोट ठेवून दाखवा."

ते फलकाकडे वळले आणि खाली बसले.

सुमीचं ते भगदाडाचं चित्र आता आमच्या जेवणघरात लावलंय. परवा शेजारच्या मामींनी विचारलं, मधे जळलंय का हे?

"नाही मामी," मी म्हटलं, "मधल्याला काढून टाकलंय. आता सुमीचे सगळे दिसतात."