वाक्यातली माणसं

"थांबा न मॅडम, आधी हा माणूस कोण होय ते तर पाहू."

असं म्हणून गुरुजी उजवा पंजा प्रश्नपत्रिकेवर ठेवायचे. बरोब्बर चारही पर्याय झाकतील असा. वर उरायचं ते एकटं वाक्य, मधे रिकामी जागा असलेलं. तुम्ही-आम्ही काय करतो? रिकामी जागा पाहतो, खालचे पर्याय चाळतो, एकावर गोल करतो आणि पुढे पळतो. गुरुजी त्या वाक्यात जाऊन निवांत बसायचे, पाहुणे आल्यासारखे.

आमची ओळख झाली शेगावात, मंदिराच्या रस्त्यावरच्या एका लॉजच्या गच्चीत. नोकरीत असलेल्या मास्तरांनीही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं, असा हुकूम आला आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. वीस-पंचवीस वर्षं पोरांच्या परीक्षा घेतलेली माणसं आम्ही, आणि आता आमचीच परीक्षा! बाकी विषयांचं निभावलं असतं. धाक होता तो इंग्रजीचा. म्हणून दर रविवारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत क्लास. शिकवणारे सर आमच्या पोरांच्या वयाचे. खाली अत्तराचं दुकान होतं, त्याचा वास जिन्याने वर यायचा. वारा असला तर स्टेशनवरची घोषणाही ऐकू यायची. भर दुपारी, पंख्याखाली, अत्तर आणि व्याकरण एकदमच अंगावर यायचं आणि माझ्या पापण्या जड व्हायच्या.

गुरुजी वडनेर भोलजीकडच्या एका लहान गावाहून यायचे. दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी त्यांच्याकडे. निवृत्तीला सहा-सात वर्षं बाकी. आम्ही सगळे चहाच्या सुट्टीत पगार आणि पेन्शनचं रडगाणं गायचो. काळजी त्यांनाही असणारच, पण त्यांच्या तोंडी वेगळंच यायचं.

"माह्या पहिलीच्या पोरायले अजून 'ळ' काढता येत नाई, मॅडम. त्यायले सोडून घरी कसा बसू मी?"

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं. एक बाई सकाळपासून बसची वाट पाहते आहे. रिकाम्या जागी 'सिन्स' की 'फॉर', एवढाच प्रश्न. सर म्हणाले, "बोला गुरुजी."

"सकाळपासून?" गुरुजींचा चेहरा पडला. "तिनं काही खाल्लं का नाई?"

वर्गात हशा पिकला. सरही हसले. "गुरुजी, सिन्स की फॉर?"

"ते सांगतो न. पण सर, तिले कोणीतरी सांगा, रविवारी ती गाडी येत नाई म्हणून."

उत्तर मात्र त्यांनी बरोबर दिलं, 'सिन्स'. सकाळी ती बाई घरून निघाली तो क्षणच त्यांना दिसला होता, म्हणे. कपाळावर हात धरून उन्हात उभी, पायाशी पिशवी, पिशवीत लेकीसाठी बोरं. मी शेजारच्या बाकावर हसत होते खरी, पण संध्याकाळी घरी जाताना बसथांब्यावर माझी नजर गेलीच. बोरांची पिशवी घेतलेली कोणी बाई आहे का, ते मी पाहत होते. म्हटलं, कठीण आहे! मास्तरचा रोग आपल्यालाही लागला.

त्यांच्याकडे एकही शब्द बेवारस नव्हता. 'रिलक्टंट' म्हणजे काय, हे मी चार वेळा पाठ करून चार वेळा विसरले. गुरुजी म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचा पहिलीतला पोरगा वर्गात येते न, दाराची चौकट धरून, एक पाय आत, एक बाहेर? तो रिलक्टंट." झालं. आता तो शब्द कुठेही दिसला की मला ती चौकट दिसते आणि तिला धरलेली चिमुकली बोटं दिसतात.

पॅसिव्ह व्हॉइसने आमचा सगळ्यांचा घाम काढला होता. 'खिडकी फोडली गेली.' सर समजावत होते की इथे फोडणाऱ्याचं नाव द्यायची गरज नाही. गुरुजींचे डोळे चमकले.

"म्हणजे पोराचं नाव लपवलं म्हणा की!"

"लपवलं नाही गुरुजी, नियमच तसा आहे."

"मस्त नियम होय, सर. ज्यानं काढला तो मास्तरच असन."

त्या दिवसापासून ते पॅसिव्ह व्हॉइसच्या प्रेमात पडले. कुठल्याही वाक्यात करणाऱ्याचं नाव गाळलेलं दिसलं की त्यांना बरं वाटायचं. कोणाला तरी वाचवलं, असं म्हणायचे.

भांडण झालं ते फक्त एकदा. डॉक्टर येण्यापूर्वीच रोगी मेला होता, हे वाक्य तुम्हालाही माहीत असेल. इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडा, हा रोगी तिथे मरायला पडलेलाच असतो. गुरुजींनी पर्यायांवर पंजा ठेवला आणि तो उचलेचनात.

"सर, मी शाळेत होतो तवापासून हा माणूस मरून राह्यला. एकदा तरी डॉक्टरले टाइमावर येऊ द्या न."

"अहो गुरुजी, मग काळ बदलेल!"

"बदलू द्या. माणूस तर वाचते."

सर वैतागले. वेळ जातो, गुरुजी. एका प्रश्नाला एक मिनिट, असं म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण खरं सांगते, त्या दुपारी ऊन गच्चीवरून सरकत होतं, खाली कोणीतरी अत्तराची कुपी उघडली होती, आणि आम्ही सगळेच्या सगळे मनातल्या मनात त्या डॉक्टरची सायकल जोरात हाकत होतो. इतकं सुख मला कुठल्याच क्लासमध्ये मिळालं नाही.

परीक्षा झाली. मी पास झाले. गुरुजी नापास.

फोनवर म्हणाले, "उतारा होता मॅडम, एका म्हाताऱ्या नावाड्याचा. पूल झाला न, मंग त्याच्या नावेत कोणी बसेना. तरी बिचारा रोज सकाळी नाव धुऊन ठेवे. मी जरासाक बसलो त्याच्यापाशी. घंटा कवा झाली, समजलंच नाई."

"अहो, पण मागचे प्रश्न?"

"राह्यले."

कितीतरी गोल तसेच कोरे राहिले होते. मला हसावं की रडावं कळेना. मी चिडलेच. म्हटलं, "गुरुजी, तो नावाडी कागदावरचा हो! तुमची पोरं खरी आहेत."

"हाव," एवढाच होकार भरून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या परीक्षेसाठी ते पुन्हा क्लासला येऊ लागले. माझं काम नव्हतं, तरी घर जवळ म्हणून मी अधूनमधून जाऊन बसायची. सवय लागली होती, दुसरं काय! पाहते तर गुरुजींच्या हातात एक पुठ्ठा. लग्नपत्रिकेचा. आम्ही प्राथमिकचे मास्तर पत्रिका टाकत नाही, त्यातून पोरांसाठी काहीबाही करतो. या पुठ्ठ्याला त्यांनी ब्लेडने लहानशी खिडकी कापली होती. वाक्यावर पुठ्ठा ठेवला की फक्त रिकामी जागा दिसायची, अलीकडचा एक शब्द आणि पलीकडचा एक. बाकी वाक्य झाकलेलं.

"सरच म्हणाले, बाकीचं वाचायचं कामच नाई," ते मला म्हणाले. "मागचा शब्द पाहा, पुढचा शब्द पाहा, गोल करा."

"आणि माणसं?"

"यायची सुरुवातीले. आता पुठ्ठा ठेवला की येत नाईत."

ते हसत हसत म्हणाले, म्हणून मीही हसले. पुठ्ठा भराभर सरकत होता. हळूहळू पुठ्ठ्याचीही गरज उरली नाही. नजरेलाच तेवढी खिडकी पडली. चाळीस मिनिटांचा सराव ते पंचवीस मिनिटांत संपवून पेनाला टोपण लावून बसू लागले. वर्गात आता हसू येण्यासारखं काही घडत नव्हतं. मला अत्तराचा वास जास्तच उग्र वाटायला लागला आणि मी जाणं कमी केलं.

या वेळी गुरुजी पास झाले. नुसते पास नाहीत, इंग्रजीत आमच्या सगळ्यांच्या वर.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्यांची पहिली-दुसरी त्यांच्याकडे राहिली. 'ळ' काढणारी पोरं त्यांच्याच हाताखाली मोठी होणार होती. मी घरात एकटीच होते, तरी मोठ्याने "जिंकलात हो गुरुजी!" म्हणाले.

सरांनी गच्चीवर सत्कार ठेवला. शाल, नारळ, पेढे. नव्या तुकडीतले मास्तर-मास्तरणी धास्तावलेल्या चेहऱ्यांनी बसले होते, वर्षापूर्वी आम्ही बसलो होतो तसे. सर म्हणाले, "यांचा वेग पाहून घ्या," आणि फळ्याकडे वळून इंग्रजीत लिहू लागले. एक लहान मुलगी रोज रात्री चंद्राशी बोलते. 'बोलते'च्या जागी रेघ, खाली चार पर्याय.

मी शेवटच्या बाकावर होते. मला ती मुलगी लगेच दिसली. कौलांवर चांदणं, अंगणात बाज, बाजेवर मांडी घालून ती बसलेली. आई आतून हाक मारते, ही ऐकत नाही. चंद्राला दिवसभराचं काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचं राहिलं होतं तिचं. काय, ते मला ऐकू येईना. म्हटलं, गुरुजींना नक्की येईल.

"टॉक्स. दुसरा पर्याय," गुरुजी म्हणाले. सरांचा खडू अजून फळ्यावरच होता.

टाळ्यांनी पत्रे दणाणले. गुरुजींनी हात जोडले, शाल सावरली. त्यांना गाडी गाठायची होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. खाली दुकानदार कुप्या पुसत होता. रस्त्यावर दिवे लागले होते.

"गुरुजी, ती मुलगी चंद्राला काय सांगत असेल हो?"

ते थांबले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं, अगदी मनापासून.

"कोणती मुलगी, मॅडम?"