वरची बाजू कुठली?

सांगलीहून निघताना दादाची चार चित्रं मांडीवर घेतली, ती हुबळी येईपर्यंत खाली ठेवली नाहीत. दादा, माझा थोरला भाऊ, इथल्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. निवृत्तीनंतर चौकोन, त्रिकोण, अर्धवर्तुळं रंगवायला लागला. "यात काय आहे रे?" विचारलं की म्हणायचा, "चौकोन." गेल्या वर्षी तो गेला. वर्षश्राद्धाला येणाऱ्या त्याच्या इथल्या दोस्तांना या चित्रांची पोस्टकार्डं द्यायची, म्हणून ही खेप.

स्टेशनबाहेर गिरमिट (मसाला कालवलेले चुरमुरे) आणि मिरची भजी खाल्ली. डोळे पुसत रिक्षाने छापखाना गाठला. मालकांना सगळे अण्णा म्हणत होते. घराणं मूळचं कागलकडचं, त्यामुळे मराठीची सोय झाली.

पहिलंच चित्र हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अक्का, वरची बाजू कुठली?"

मी चारही चित्रं उलटून पाहिली. सही नाही, तारीख नाही. यातलं एक वर्षभर आमच्या भिंतीवर होतं, तेही माझ्या अंदाजाने. सख्ख्या बहिणीला एवढं सांगता येऊ नये? दादाच्या दोस्तांपुढे त्याची चित्रं डोक्यावर उभी करायला का मी इतक्या लांब आले होते! स्वतःचाच राग आला. "छापा कशीही," म्हणाले.

"कशीही कशी छापायची हो?" चित्रं स्कॅन करून घेत अण्णा संगणकावर बसलेल्या सुनेकडे वळले. "सोल्प दोड्डदु माडव्वा (जरा मोठं कर)."

पडद्यावर चारही चित्रांत एकेका कोपऱ्यात पेन्सिलीचा धुरकट डाग दिसला. अण्णांनी कागद फिरवून फिरवून बघितला.

"हात टेकल्याचा डाग आहे बघा. काढताना कोण वर हात टेकतंय? म्हंजे कागद आडवा धरला तर हा कोपरा खालचा, डावीकडचा." मग माझ्याकडे बघून, "भाऊ डावखुरे होते काय हो?"

होता. डाव्या हाताने लिहितो म्हणून शाळेत किती मार खाल्ला होता त्याने! मी तिथेच स्टुलावर बसून रडले. सुनेने पाणी आणून दिलं.

"डाग पुसून टाकू काय अक्का? एका मिनिटाचं काम आहे," अण्णा म्हणाले.

"अजिबात नको," मी म्हणाले.

दुपारी कार्डांचा गठ्ठा घेऊन परतीची गाडी धरली. भिंतीवरचं चित्र वर्षभर उलटं होतं, हेही कळलं होतं. दादा पोट धरून हसला असता. त्याला ओळखणारी माणसं आता कमीच होत जाणार, असं मी धरून चालले होते. बेळगाव यायच्या आत पहिलं कार्ड लिहिलं, छापखान्याच्या पत्त्यावर.

"अण्णा, तुमची आणि दादाची ओळख झाली. फार बरं वाटलं."