भाऊजींच्या हातातला माइक

ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत माझ्या नणंदेच्या यजमानांचा आवाज ज्याने ऐकलेला नाही, तो माणूस एकतर बहिरा असावा, नाहीतर परवाच बदली होऊन आलेला. आमच्याकडे धान कापून झालं, शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात आणि माइकवर आमचे भाऊजी असतात. माझी शाळेची नोकरी. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी, त्यांच्याच टेबलाशी मी गुण लिहायला बसते. दोन पेन, पेन्सिल, पट्टी, घड्याळ, पाण्याची बाटली ही माझी ठरलेली यादी. भाऊजींच्या यादीत एकच वस्तू, घशासाठी खडीसाखर. ती ते दरवेळी घरी विसरतात, म्हणून आता तीही माझ्याच यादीत आहे.

तरुणपणी ते घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीच्या संघातून खेळायचे. चढाईला गेलेला हा माणूस रिकाम्या हाताने परतला नाही, असं ते स्वतः सांगतात आणि जुने लोकही फारसं नाकारत नाहीत. मग गुडघा गेला. खेळ सुटला, पुढे नोकरीही संपली, ओरडायची सवय तेवढी शिल्लक राहिली. ती त्यांनी दोन कामांत वाटून टाकली : सकाळी गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावात मुलींना कबड्डी शिकवायची आणि हिवाळाभर समालोचन करायचं. अडचण एवढीच, की ही दोन्ही कामं ते एकाच वेळी आणि कुठेही करतात. वडशाच्या बसस्टँडवर गर्दी दिसली की यांचं सुरू : "उजवा कोपरा मोकळा हाये, तिकडून घुसा बाई! आधी पिशवी टाका, मंग पाय!" एका लग्नात हरवलेल्या चष्म्याची सूचना द्यायला कुणीतरी त्यांच्या हाती माइक दिला. चष्मा राहिला बाजूला. "वरपक्षाचे मामा तिसऱ्यांदा वडा घ्यायले वाकले हायेत, पण मंडळी, पान बाजूच्याचं हाये!" मामांची समजूत काढायला नणंदबाईंना दोन दिवस लागले. तेव्हापासून लग्नाला निघताना त्या त्यांना बजावतात, "माइक दिसला तं तिकडं पाहूसुदा नोका."

शिकवण्याची त्यांची रीतही अशीच. मोहफुलांच्या दिवसांत मुली पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात. एक मुलगी उशिरा आली म्हणून ते कधी रागावले नाहीत. उलट मोहाच्या झाडापासून घरापर्यंत टोपली डोक्यावर ठेवून एका दमात कबड्डी म्हणत यायचं, असा सरावच त्यांनी ठरवून टाकला. त्यांना गोंडीतले दोन शब्द येतात, 'थांब' आणि 'पळ'. ऐन वेळी ते त्यांची अदलाबदल करतात. मुलींना हे माहीत असल्याने काही बिघडत नाही.

माइकबाबत मात्र त्यांचा एक नियम आहे. "वहिनी, माइकवर बसलेल्या मानसाले गाव नसते," असं ते म्हणतात. जे दिसेल ते सांगायचं, आपलं-परकं करायचं नाही. हा नियम मला फार आवडायचा. मागच्या हिवाळ्यात सिंदेवाहीजवळच्या एका गावात त्याची किंमत कळली.

अंतिम सामन्यात भाऊजींच्याच हाताखाली शिकलेल्या मुली होत्या. त्यांची सगळ्यात चांगली चढाई करणारी सगुणा. पहिल्या रांगेत जिल्ह्याच्या संघासाठी खेळाडू निवडणारे दोघे बसले होते आणि एकच जागा उरली आहे, हे सगळ्या मंडपाला ठाऊक होतं. सगुणाची जागा पक्की, असं सकाळपासून सगळे म्हणत होते. ती पहिल्या चढाईत दोन गडी मारून आली. भाऊजी खुर्चीतून उठलेच. "काय खेळ हाये मंडळी! पाहा, डावा खांदा झुकला की समजा, उजवा पाय मागून येते! कोनालेच कळत नाई!"

आता चार भोंग्यांतून सांगितल्यावर कळणारच. पुढच्या चढाईत सगुणाचा खांदा झुकला मात्र, समोरच्या मुलींनी उजवा पाय धरला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच. निवडणाऱ्यांपैकी एकाने कागदावर काहीतरी खोडलं. भाऊजींच्या तोंडातली खडीसाखर तशीच राहिली. चूक त्यांना कळली होती.

मध्यंतरात सगुणा सरळ टेबलापाशी आली. गुडघ्याला माती, डोळे लाल.

"सर, तुमी काऊन सांगितलं जी?"

"मी सांगितलं नाई वो बाई. मी तं वर्णन करून राह्यलो होतो."

"वर्णन त्यायलेई ऐकू येते ना!"

मी पेन्सिलला टोक करत राहिले.

"मंग आता एकदा खोटं सांगा," ती म्हणाली. "डावा पाय येते म्हना."

भाऊजींनी माइककडे पाहिलं. "थे नाई जमत बाई. मी उठून जातो पाहिजे तं."

आयोजक धावतच आले, "भाऊ, उठू नोका, पब्लिक तुमच्यासाठी थांबून हाये!" सगुणा मैदानात परत गेली.

दुसऱ्या डावात भाऊजींनी इतर सगळ्यांच्या चढायांचं वर्णन केलं, नेहमीसारखं. सगुणा निघाली की मात्र ते थांबत. पहिल्यांदा लोकांना वाटलं, लाइन गेली. मग भोंग्यातून बारीक आवाज येऊ लागला : कबड्डी, कबड्डी, कबड्डी. ती तिकडे दम घालत होती आणि हे इकडे, डोळे मिटून, माइक ओठांशी धरून. खोटं नाही, खरंही नाही. मी नियम आठवून पाहिले. याला मनाई करणारा एकही सापडला नाही.

शेवटच्या चढाईला तिचा डावा खांदा झुकला. समोरच्या दोघी उजव्या पायावर झेपावल्या आणि तिने डावाच पाय फिरवून दोघींना टिपलं. हे भाऊजींनी तिला कधीच शिकवलं नव्हतं. तिसरीने तिची कंबर धरली, सगुणा तिलाही ओढत मध्यरेषेकडे निघाली. तेवढ्यात भोंग्यातला आवाज तुटला. एक खोकला, मग नुसता श्वास. मैदानात तिचं कबड्डी, कबड्डी चालूच होतं.

ती रेषेला पोचली. तीन गुण मी लिहिले. तरीही सामना एका गुणाने गेलाच. निवडणाऱ्यांनी तिला बोलावून नाव आणि वडिलांचं नाव विचारलं, तेव्हा भाऊजी वायर गुंडाळत होते.

"वहिनी, माझा दम कुठी तुटला?"

"ती परतायला वळली तेव्हा."

"म्हंजे रेषा दूर होती?"

"बरीच."

ते हसले, माझ्या डब्यातून खडीसाखरेचा खडा घेतला आणि गुडघा चोळत खुर्चीत बसले. सगुणा आता जिल्ह्याच्या संघात आहे, दुसऱ्या सरांकडे शिकते. यंदाही सामने लागले आहेत. भाऊजी माइकवर आहेत आणि आवाज तसाच दणदणीत आहे. फक्त एखादी मुलगी डावा खांदा झुकवते तेव्हा ते क्षणभर थांबतात. अशा वेळी मीही पेन खाली ठेवते आणि मैदानातला दम ऐकते.