बांध न जुमानणारे सूत्रकृमी

वासंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या बाजारात कोलंबी निवडत होते. तिची भाची बोलत राहिली, मी नुसती उभी... शेवटी मासळीवालीच म्हणाली, "बाय, बस जरा." त्याला महिना उलटून गेला. आता तिची आठवण आली की रडू कमी येतं, हसूच जास्त.

वासंती सूत्रकृमींची अभ्यासक. मुळांत शिरून झाड पोखरणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे धाग्यासारखे जीव. रायगडच्या किनाऱ्यावर कुठे कोणती जात आहे, हे ती वाडीवाडीतली माती गोळा करून शोधायची. मी तिची कॉलेजातली मैत्रीण, सुट्टीत मातीच्या पिशव्या धरायला बरोबर जाणारी. सूक्ष्मदर्शकाखालीही जाती ओळखू येईनात, की ती प्रयोगशाळेत त्यांचा डीएनए तपासायची. "दिसायला सगळे जुळे गं! त्यांना आतून विचारावं लागतं," म्हणायची.

श्रीवर्धनला मोरेश्वरभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ अनंत यांच्या सुपारीच्या वाड्या शेजारी-शेजारी. सुपारीवर चढवलेले मोरेश्वरभाऊंचे मिरीवेल पिवळे पडून वाळू लागले. अनंतानेच बांधावरून तणनाशक मारलं, असं त्यांनी मनात घेतलं. बोलणं बंद झालं, गणपतीतलं एकत्र जेवणही बंद. अनंताचे वेल अजून हिरवे होते, तरी वासंतीने दोन्हीकडची मिरीची आणि केळीची मुळं खणून नेली. निकालाबरोबर ती सूक्ष्मदर्शकच घेऊन आली, थोरल्याच्या ओटीवर मांडला आणि धाकट्याला हाक मारली.

"वेल सूत्रकृमींनी वाळले. दोन्ही वाड्यांत एकच जात आहे. केळीच्या मुळांतही तीच. तुम्ही मिळून लावायला केळीचे मुनवे, ते बुंध्याचे कोंब, आणले होते ना? त्यांतूनच आली असणार."

मोरेश्वरभाऊंनी भिंगाला डोळा लावला. एकदम ओरडले, "अरे अनंता, ये, बघ! काय वळवळतायत मेले!"

अनंत वाकला. "दादा, माझ्या वाडीत पण हायत हे?"

"हायत रे बाबा, हायत!" दादा हे इतक्या आनंदाने म्हणाले की वासंतीला हसू आवरेना. मग ते दोघंही हसत सुटले. आत वहिनींनी कुणाला न विचारता अनंताचंही पान मांडलं.

रोगट वेल आणि केळीची झाडं दोघांनी मिळून उपटून जाळली, निंबोळी पेंड घातली. काही सुपाऱ्या वर्षभर वेलाविना बोडक्याच राहिल्या. मग नवे वेल चढले.

परवा तिथे गेले होते. आपल्या वाडीच्या फाटकापाशी अनंत पाण्याची बादली घेऊन उभा. "ताई, आधी चपला धुवा. एका वाडीची माती दुसरीत न्यायची न्हाय."

"वासंतीचा नियम?"

"त्यांचाच. दादालापण सोडत न्हाय."

मागे वळून पाहिलं, तर मोरेश्वरभाऊ चपला हातात घेऊन, निमूटपणे माझ्यामागे रांगेत उभे होते.