प्लॅटिनमवरचं पाणी

दादा तिला सगळ्यांदेखत पाणीवाली म्हणायचा. नखाएवढ्या प्लॅटिनमच्या तुकड्यावर प्राणवायू बसवायचा, मग हायड्रोजन सोडायचा आणि दोघांचं पाणी कसं होतं ते अणू-अणूने बघायचं, यात तिचं उभं तारुण्य गेलं. लग्न राहूनच गेलं. दादाने बस चालवून तिला शिकवलं होतं, त्यामुळे चेष्टा करायचा हक्क त्याचाच. "एवढ्या वर्षांत एक तांब्या तरी भरला का गं?" असं विचारून तो स्वतःच खो खो हसायचा.

मग त्याची मूत्रपिंडं गेली आणि त्याला पाणी मोजून मिळू लागलं. वहिनीला ते जमेना. त्याने गयावया केली की ती विरघळायची. म्हणून राखण पाणीवालीकडे आली. दिवसाचा वाटा संपला की ती वाटी उपडी घालायची, मग ब्रह्मदेव आला तरी थेंब नाही. एकदा तो फुलदाणीतलं पाणी प्यायला, तर तिने फुलदाणीच माळ्यावर टाकली. "बहीण आहेस की जेलर?" तो म्हणाला. ती हसली, पण बधली नाही. तिला तो जगायला हवा होता, बस्स.

प्रयोगशाळेतही तिचा असाच जाच. अणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची सुई धातूला जवळजवळ टेकलेली. जरा कुठे थरथरलं की चित्र बिघडलंच. म्हणून पंखा बंद, चपला बाहेर, फोन दाराबाहेरच्या डब्यात. नियम मोडणाऱ्याची ती बिनपाण्याने हजामत करायची.

दादाला इस्पितळात हलवलं आणि नेमकं त्याच आठवड्यात चित्र आलं. गारठवलेल्या प्लॅटिनमवर प्राणवायूच्या ठिपक्यांच्या ओळी मोडत गेल्या आणि त्यांच्या जागी पाण्याचे फिकट पुंजके उमटले. ती जेवायचंही विसरली. दुपार कलली तेव्हा चित्र छापून घेतलं, डब्यातला फोन न बघताच पर्समध्ये कोंबला आणि इस्पितळ गाठलं.

वहिनी अंघोळीला घरी गेली होती. खाटेशेजारी वाटी उपडी होती आणि पेंगलेल्या दादाच्या हाताशी काठोकाठ भरलेला तांब्या. वहिनी पुन्हा विरघळली वाटतं, असं म्हणत तिने तांब्या उचलून खिडकीत ठेवला.

"दादा, बघ. झालं पाणी."

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. "हे? जिंकलीस की गं!" मग म्हणाला, "आता घोटभर पाज ना मला."

"आजचा वाटा संपलाय रे."

"आज तरी जेलर होऊ नकोस."

तिने कापूस ओला करून त्याच्या ओठांवरून फिरवला. तो कापूसच चोखू लागला, तेव्हा तिने हात मागे घेतला. "उद्या उठल्याबरोबर देते. नक्की."

त्याने कागद छातीवर ठेवला. दिवेलागणीला तो गेला. कागद छातीवर तसाच होता.

वहिनी आली, तिच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, सकाळीच डॉक्टर म्हणाले, आता काही हातात नाही, मागतील तेवढं पाणी द्या. तुम्हाला किती फोन केले! शेवटी मेसेज टाकला. वाटी कशाला हवी आता, म्हणून तांब्याच भरून ठेवला होता. पोटभर प्यायले ना हो?"

"हो," ती म्हणाली. "पोटभर प्यायला."

आणि खिडकीतला भरलेला तांब्या वहिनीला दिसू नये म्हणून ती सरकून त्याच्यापुढे उभी राहिली.